बुडालेल्या जहाजावरची शाळा

‘बडी’ हा शब्द कॅडेटला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तलावात उतरायचे तर बडी, ट्रेकला बडी, रात्रीच्या मार्चमध्ये बडी. समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांचाही पहिला नियम हाच आहे. पाण्याखाली एकट्याने जायचे नाही, जोडीने जायचे. डायव्हरांनी जोडीने काम करावे या आदेशाची पहिली नोंद सापडते ती सुमारे १८० वर्षांपूर्वीच्या एका कामात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ बंदरासमोर, गढूळ पाण्याच्या तळाशी एक युद्धनौका गाळात रुतून बसली होती आणि तिच्यावर सैनिक उतरवले जात होते. आदेश देणारे अधिकारी होते रॉयल इंजिनिअर्सचे कर्नल चार्ल्स विल्यम पॅस्ली.

पॅस्ली यांचे नाव झाले ते पाण्याखालच्या स्फोटांमुळे. मला मात्र त्यांच्यातला शिक्षक जास्त मोठा वाटतो. साधा शिपाईसुद्धा अवघड विद्या शिकू शकतो आणि ती दुसऱ्याला शिकवू शकतो, यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास त्या काळी फार थोड्या अधिकाऱ्यांकडे होता. या लेखात मी त्या विश्वासाची गोष्ट सांगणार आहे.

एस्कडेलचा मुलगा

पॅस्ली यांचा जन्म ८ सप्टेंबर १७८० रोजी स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युअर या डोंगराळ गावी झाला. मुलगा विलक्षण हुशार होता. आठव्या वर्षी तो ग्रीक भाषेतला बायबलचा नवा करार वाचू शकत होता. आपल्यापैकी अनेकांना आवडेल अशी एक गोष्ट त्याने बाराव्या वर्षी केली. लँगहोम या त्याच्या गावची मुले आणि शेजारच्या गावांची मुले यांच्यात मारामाऱ्या होत. चार्ल्सने त्या लढायांचा रीतसर इतिहास लिहिला. एवढ्यावर न थांबता रोमन इतिहासकार लिव्ही याच्या थाटात त्याचे लॅटिनमध्ये भाषांतरही केले. मारामारी तर सगळीच मुले करतात, पण ती झाल्यावर बसून तिची नोंद करणारा मुलगा विरळाच.

त्याच खोऱ्यातल्या एका घराण्याचे नाव मराठी माणसाला ओळखीचे आहे. १८१८ मध्ये दुसरे बाजीराव ज्यांच्या स्वाधीन झाले आणि जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ते सर जॉन माल्कम एस्कडेलचेच. माल्कम यांची आई पॅस्ली घराण्यातली होती. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्यांच्याच नावाची.

१७९६ मध्ये चार्ल्स वूलिच येथील सैनिकी अकादमीत दाखल झाले. पुढच्या वर्षी त्यांना तोफखान्यात कमिशन मिळाले आणि १७९८ मध्ये ते रॉयल इंजिनिअर्समध्ये गेले. नंतरची दहा-अकरा वर्षे नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत गेली. मिनोर्का, माल्टा, सिसिली, १८०६ ची मैदाची लढाई, १८०७ चा कोपनहेगनचा वेढा, आणि स्पेनमध्ये सर जॉन मूर यांच्या सैन्याची कोरुनापर्यंतची खडतर माघार. एवढे सगळे पाहून झाले तेव्हा त्यांचे वय तीसही नव्हते.

फ्लशिंगची जखम

१८०९ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सैन्याने हॉलंडमधल्या वाल्चेरेन बेटावर उतरून फ्लशिंग शहराला वेढा घातला. समुद्राच्या बांधावर फ्रेंचांचा तोफांचा मोर्चा होता. तो घेण्यासाठी निघालेल्या १०० जणांच्या तुकडीचे नेतृत्व पॅस्ली यांच्याकडे होते. चढाई करताना संगीन त्यांच्या मांडीत घुसली. तरीही ते बांधाच्या माथ्यापर्यंत पोहोचले. तिथे खालच्या खंदकातून आलेली एक गोळी त्यांच्या शरीरातून आरपार गेली आणि पाठीच्या कण्याला इजा करून गेली.

वर्षाहून अधिक काळ ते कामावर जाऊ शकले नाहीत. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी जर्मन भाषा शिकून घेतली. १८१० मध्ये ब्रिटिश साम्राज्याच्या लष्करी धोरणावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते खूप वाचले गेले. पण माझ्या मते या काळाचे खरे फळ वेगळे होते. आघाडीवर धावून जाणारा अधिकारी आता शिक्षणाचा विचार करू लागला.

त्या विचाराला कारण होते. वेढ्याच्या युद्धात किल्ल्याच्या तटापर्यंत चर खणत जावे लागते, सुरुंग लावावे लागतात, पूल बांधावे लागतात. इंग्रज सैन्यात हे जाणणारे अधिकारी मूठभर होते आणि त्यांच्या हाताखाली प्रशिक्षित माणसे जवळजवळ नव्हतीच. पायदळातल्या शिपायांच्या हाती कुदळ-फावडी देऊन काम भागवले जाई. मग प्रत्येक गोष्ट दाखवायला अधिकाऱ्याला स्वतः गोळ्यांच्या माऱ्यात उभे राहावे लागे. अधिकारी पडला की कामही थांबे. चर अपुरे, भगदाडे अपुरी, आणि तरीही हल्ला करायचाच, अशा वेढ्यांची किंमत शिपाई आपल्या जिवाने मोजत. १८१२ च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या बडाखोसच्या वेढ्यात अशीच हजारो माणसे कामी आली आणि जखमी झाली.

शिका आणि शिकवा

पॅस्ली यांनी १८११ मध्ये प्लिमथ येथे आपल्या हाताखालच्या कंपनीवर एक प्रयोग सुरू केला. भूमिती आणि रेखाटन शिकवायला गणिताचे मास्तर आणायचे नाहीत. धडे इतके सोपे आणि पायरीपायरीने लिहायचे, की एखादा नाईक किंवा हवालदार ते स्वतः वाचून शिकेल आणि आपल्या तुकडीला शिकवेल. बंदुकीची कवायत जशी एक-दोन-तीन करत शिकवतात, तशीच भूमिती शिकवायची. ज्याला आले त्याने पुढच्याला शिकवायचे.

ही पद्धत डॉ. अँड्र्यू बेल यांच्या पद्धतीच्या तत्त्वावर होती, आणि बेल यांना ती सुचली होती आपल्याकडे. मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. तिथे बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेण्याची रीत बसवली. वाळूवर बोटाने अक्षरे गिरवायची कल्पनाही त्यांनी इथल्याच गावठी शाळेत पाहिली होती. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून उजळणी करून घेत, त्याच जातीची ही रीत. मद्रासच्या वाळूतला एक विचार इंग्लंडमार्गे सैनिकांच्या शाळेत पोहोचला, हे वाचून मला फार गंमत वाटली.

प्लिमथचा प्रयोग यशस्वी झाला. बडाखोसचा वेढा झाला त्याच महिन्यात, एप्रिल १८१२ मध्ये, चॅटहॅम येथे इंजिनिअर शिपायांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्था काढण्याचा हुकूम निघाला. तिचे प्रमुख म्हणून पॅस्ली यांची नेमणूक झाली आणि ते १८४१ पर्यंत, म्हणजे तब्बल २९ वर्षे, तिथेच राहिले. चर खणणे, सुरुंग, पूल, तराफे, बांधकाम, चुना आणि सिमेंट या सगळ्यांवर त्यांनी स्वतः प्रयोग केले आणि पुस्तके लिहिली. खडू आणि मेडवे नदीतला निळा गाळ एकत्र भाजून पाण्याखाली घट्ट होणारे सिमेंट त्यांनी तयार केले होते. १८१६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रॉयल जॉर्ज

आता त्या जहाजाकडे वळू. त्यासाठी पॅस्ली दोन वर्षांचेही झाले नव्हते त्या दिवसापर्यंत मागे जावे लागेल.

२९ ऑगस्ट १७८२. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा काळ. पोर्ट्समथजवळ स्पिटहेड नावाची जागा आहे. समोर वाइट बेट आडवे असल्यामुळे तिथे मोठ्या लाटांपासून आसरा मिळतो, म्हणून आरमार तिथे नांगर टाकून उभे राहत असे. त्या दिवशी जिब्राल्टरच्या मदतीला जाण्याच्या तयारीत अनेक जहाजे तिथे होती. त्यांत १०० तोफांचे ‘रॉयल जॉर्ज’ हे जहाजही होते. रिअर ॲडमिरल केंपनफेल्ट त्याच्यावर होते. निघण्याआधीची गडबड असल्याने खलाशांना भेटायला आलेली बायकामुले आणि माल विकायला आलेले लोकही शेकड्यांनी जहाजावर होते.

जहाजाच्या उजव्या कुशीला, पाण्याच्या पातळीखाली, एक नळ दुरुस्त करायचा होता. तो पाण्याबाहेर यावा म्हणून तोफा सरकवून जहाज डावीकडे कलंडवले होते. त्यामुळे डाव्या बाजूच्या तोफांच्या खिडक्या पाण्याच्या अगदी जवळ आल्या. त्यातच रमच्या पिंपांनी भरलेली एक लहान बोट त्याच बाजूला येऊन लागली आणि पिंपे चढवली जाऊ लागली. पाणी खिडक्यांतून आत येऊ लागले. वाचलेल्या एका खलाशाने पुढे सांगितले, की जहाजावरच्या सुताराने अधिकाऱ्याकडे जाऊन धोका सांगितला होता. त्याला झिडकारून परत पाठवले गेले. तो पुन्हा गेला. जहाज सरळ करण्याचा हुकूम सुटला तेव्हा वेळ निघून गेली होती. काही क्षणांत जहाज आडवे होऊन तळाशी गेले. ॲडमिरल केंपनफेल्ट यांच्यासह ८०० हून अधिक माणसे बुडाली. शत्रूची एकही गोळी न लागता, घरच्या बंदरासमोर, भर दिवसा.

चौकशी करणाऱ्या लष्करी न्यायालयाने दोष कुजक्या लाकडांवर ठेवला. मी ही हकिकत वाचली तेव्हा त्या सुतारापाशी थांबलो. जहाजाचे लाकूड त्याच्याइतके कोणाला कळत होते? पण त्याचा हुद्दा लहान होता.

जहाज तळाशी पडून राहिले. १७८३ मध्ये ते उचलण्याचा प्रयत्न फसला आणि त्या खटाटोपात ‘पर्डिटा’ नावाची एक मदतीची नावही तिथेच बुडाली. पुढची पन्नासहून अधिक वर्षे आरमाराच्या या महत्त्वाच्या जागेत एक मोठा अडथळा पडून होता. जहाजांचे नांगर त्यात अडकत. १८३४ पासून चार्ल्स आणि जॉन डीन या भावांनी आपण शोधलेले हेल्मेट घालून तिथे उतरून बऱ्याच तोफा वर काढल्या. पण अवाढव्य सांगाडा तसाच राहिला.

गढूळ पाण्यात

पॅस्ली यांनी १८३८ मध्ये टेम्स नदीत बुडालेली दोन जहाजे दारूच्या स्फोटांनी मोडून वाट मोकळी केली होती. त्याबद्दल लंडन शहराने त्यांचा सन्मान केला. १८३९ मध्ये रॉयल जॉर्जचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते साठीला टेकले होते.

योजना सांगायला सोपी होती. स्फोटाने सांगाडा खिळखिळा करायचा, मग डायव्हरांनी खाली जाऊन लाकडे, तोफा, जे सापडेल ते दोराला बांधायचे आणि वरून खेचून घ्यायचे. स्फोटासाठी ओक लाकडाची पिंपे दारूने भरून त्यांवर शिशाचे आवरण चढवत. सर्वात मोठ्या पिंपात २,००० पौंडांहून अधिक दारू होती. सुरुवातीला रासायनिक वात वापरली गेली. पुढे विजेच्या घटांपासून पाण्याखालून तार नेऊन, तारेच्या टोकाशी प्लॅटिनमचा बारीक तुकडा तापवून दारू पेटवू लागले. विजेचा दिवा घराघरांत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

खरे अवघड काम खाली होते. जहाज सुमारे ६५ फूट, म्हणजे २० मीटर खोल होते. तिथे पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब जमिनीवरच्या तिप्पट होतो. भरती-ओहोटीचा ओढा मंदावेल तेवढ्याच वेळात काम करता येई. पाणी आधीच गढूळ, त्यात स्फोटाने आणि डायव्हरांच्या पावलांनी तळाचा गाळ ढवळून निघे. अशा जागी डोळ्यांचा उपयोग नसतो, हातांनी चाचपत काम करावे लागते. हे लाकूड जहाजाच्या कुठल्या भागाचे, ही तोफ की खांब, दोराची गाठ घट्ट बसली की नाही, सगळे स्पर्शाने ओळखायचे. डोक्यावर धातूचे हेल्मेट, त्याला वरच्या पंपापासून आलेली हवेची नळी, आणि वर-खाली निरोप देण्यासाठी दोराचे झटके.

इथेच पॅस्ली यांच्या शिक्षणाची कसोटी होती. मैदानावर अधिकारी माणसाला पाहतो, चूक दिसली की ओरडतो. स्पिटहेडच्या तळाशी कोणताही अधिकारी काही पाहू शकत नव्हता. वर होडीत बसलेल्याच्या हाती फक्त दोराचे टोक होते. खाली जे ठरवायचे ते त्या कॉर्पोरलने किंवा शिपायाने ठरवायचे. सत्तावन्न वर्षांपूर्वी याच जहाजावर एका सुताराचे ऐकले गेले नव्हते. आता त्याच जहाजाचे काम साध्या शिपायांच्या अकलेवर आणि हातांवर सोपवले होते.

सुरुवातीला मुलकी डायव्हर होते. त्यांच्याबरोबर पॅस्ली यांचे सॅपर ही विद्या शिकले आणि लवकरच त्यांनीच काम हाती घेतले. कॉर्पोरल हॅरिस त्यांच्यात अग्रेसर होता. साठ वर्षे तळाशी पडलेली ती ‘पर्डिटा’ त्याने १८४३ मध्ये जवळजवळ एकट्याच्या मेहनतीने दोन महिन्यांत मोडून काढली. त्याच वर्षी आरमाराच्या खलाशांना डायव्हिंग शिकवण्याचे काम सुरू झाले आणि शिकवणारे होते हेच सॅपर. ज्याला आले त्याने पुढच्याला शिकवायचे हा प्लिमथचा धडा आता समुद्राच्या तळावर गिरवला जात होता.

पोशाखही इथेच सुधारला. डीन बंधूंचे हेल्मेट खालून उघडे होते. माणूस वाकला किंवा पडला तर आत पाणी शिरे. पॅस्ली यांनी वेगवेगळ्या कारागिरांचे पोशाख कामात वापरून पाहिले आणि ऑगस्टस सीबे यांचा, हेल्मेट अंगरख्याला पक्के जोडलेला बंद पोशाख उत्तम ठरवला. पुढे शंभर वर्षे जगभरचे डायव्हर त्याच जातीचा पोशाख वापरत राहिले.

याची किंमत शिपायांनी शरीराने दिली. विल्यम्स नावाच्या शिपायाची हवेची नळी तुटली. त्या काळच्या हेल्मेटमध्ये हवा उलटी जाऊ न देणारी झडप नव्हती. हेल्मेटमधली हवा एकदम वर निघून गेली आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याचे डोके आणि मान पिळून निघाली. अशा इजेचा हा पहिला वैद्यकीय वृत्तांत मानला जातो. दुसऱ्या एका डायव्हरची नळी अडकली तेव्हा त्याने ती कापली आणि तो स्वतःच्या बळावर वर आला. स्कूबाच्या वर्गात आज ‘इमर्जन्सी असेंट’ शिकवतात, त्याची ही पहिली नोंद.

आणखी एक त्रास होता आणि त्याचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. दिवसाचे कित्येक तास तळाशी काढणाऱ्या डायव्हरांचे सांधे दुखत. लोक त्याला संधिवात आणि सर्दी समजत. खरे कारण असे, की खोल पाण्यात श्वासाबरोबरचा नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो आणि माणूस झटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात. सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर होते तसे. हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके जॉन हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. हॅरिस आणि त्याच्या सोबत्यांना यातले काहीच माहीत नव्हते. तरी ते रोज उतरत होते.

दोन डायव्हरांचे भांडण

या शूर माणसांची एक गंमतही नोंदलेली आहे. कॉर्पोरल जोन्स आणि शिपाई गर्व्हन हे दोघे पट्टीचे डायव्हर आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी. १८४३ मध्ये एके दिवशी तळाशी दोघांच्याही हाती एकच लाकूड लागले. कोणीच सोडेना. गर्व्हन अंगाने दांडगा होता. मारामारी होणार असे दिसताच जोन्स दोर धरून वर जाऊ लागला, तर गर्व्हनने त्याचे पाय पकडून खाली ओढले. जोन्सने पाय सोडवून घेत जोरात लाथा झाडल्या. एक लाथ गर्व्हनच्या हेल्मेटच्या काचेवर बसली, काच फुटली आणि आत पाणी घुसले. वरच्यांनी त्याला लगेच खेचून घेतले म्हणून तो वाचला. दोन-तीन दिवस हॅस्लरच्या इस्पितळात काढून तो परत आला आणि त्यानंतर दोघे अगदी गुण्यागोविंदाने काम करत राहिले.

लँगहोमच्या मुलांच्या लढायांचा इतिहास लिहिणाऱ्या पॅस्ली यांना ही लढाई ओळखीची वाटली असेल. मला तिच्यातून जोडीच्या नियमाचा अर्थ नीट कळला. बडी म्हणजे आपला आवडता मित्रच असतो असे नाही. कधी तो आपल्याशी चुरस करणारा असतो, कधी आपण त्याच्याशी बोलतही नसतो. पण अंधाऱ्या पाण्यात आपल्या हाताच्या अंतरावर तोच असतो. तो नीट वागला तर आपण वाचतो, आणि तो चिडला तर आपल्या हेल्मेटची काच फुटते. वर दोर धरून बसलेला तिसरा माणूस जागा असला पाहिजे, हेही या गोष्टीत आहेच.

पाच हंगामांत काम पुरे झाले. पहिल्या तीन वर्षांत १२, ११ आणि ६ अशा तोफा वर आल्या. १८४२ मध्ये मात्र एकच. कारण त्या वर्षी पॅस्ली यांनी तोफा शोधणे थांबवून सांगाड्याची लाकडे काढण्यावर भर द्यायला सांगितले. तोफांनी नाव झाले असते आणि लाकडांनी बंदर मोकळे झाले असते, आणि त्यांनी दुसरे निवडले. १८४३ मध्ये जहाजाचा कणा आणि तळची लाकडे निघाली आणि स्पिटहेडची ती जागा जहाजांसाठी सुरक्षित झाली.

आपल्याशी नाते

पॅस्ली कधी भारतात आले नाहीत, पण त्यांची शाळा आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कोम्ब येथील सैनिकी शाळेतून निवडलेले तरुण इंजिनिअर अधिकारी भारतात येण्याआधी चॅटहॅमला शिकायला जात. पुढे लॉर्ड नेपियर म्हणून प्रसिद्ध झालेले बंगाल इंजिनिअर्सचे रॉबर्ट नेपियर त्यांपैकीच. पॅस्ली स्वतः १८५५ पर्यंत बरीच वर्षे अ‍ॅडिस्कोम्बचे परीक्षक होते. म्हणजे मद्रास, बंगाल आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या सॅपर पलटणींचे अनेक अधिकारी त्यांच्या हाताखालून गेले होते.

ही विद्या इथे आली ती आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या कामासाठी, हे विसरता येत नाही. तिच्याच बळावर आपले किल्ले पाडले गेले. पण बेंगळुरूचे मद्रास सॅपर्स, रुरकीचे बंगाल सॅपर्स आणि पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स आज भारताचे आहेत. पूर आला की होड्या घेऊन तेच पोहोचतात, वाहून गेलेल्या पुलाच्या जागी रातोरात पूल तेच उभा करतात. मला पुढे याच शाखेत जायचे आहे, म्हणून पॅस्ली यांच्याविषयी जेवढे मिळाले तेवढे वाचले.

रॉयल जॉर्जच्या कामात शिकलेले विजेचे स्फोट पुढे रेल्वेलाही उपयोगी पडले. १८४३ च्या जानेवारीत डोव्हरजवळ समुद्रकाठचा एक अख्खा कडा १८,००० पौंडांहून अधिक दारूने पाडून रेल्वेला वाट करून दिली गेली. पॅस्ली १८४१ मध्ये मेजर जनरल झाले आणि त्याच वर्षी रेल्वेचे मुख्य निरीक्षक म्हणून नेमले गेले. १८४६ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १८६० मध्ये ते जनरल झाले. १९ एप्रिल १८६१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते. मणक्याला लागलेल्या गोळीनंतर ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगले आणि त्यातला बहुतेक काळ त्यांनी शिकवण्यात घालवला.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ॲडमिरल नेल्सन यांचा उंच स्तंभ आहे. पुतळ्याच्या पायाखाली, स्तंभाच्या माथ्यावर, काशाची कोरीव पाने आहेत. ती रॉयल जॉर्जवरून काढलेल्या तोफा वितळवून ओतली आहेत. चौकात येणारे लोक वर पाहतात ते नेल्सनसाठी. ज्या हातांनी अंधारात चाचपून त्या तोफांना दोर बांधला, ते हात डीन बंधूंचे, हॅरिसचे, विल्यम्सचे आणि त्यांच्यासारख्या शिपायांचे होते. त्यांची नावे तिथे नाहीत. पण आपल्याला ती कळू शकतात, कारण पॅस्ली यांच्या सॅपरांच्या नोंदींत जनरलांच्या बरोबरीने कॉर्पोरल आणि शिपाई यांचीही नावे लिहून ठेवलेली आहेत.